‘आंत्वान ए आंत्वानेत’मध्ये एवढं काय आहे?

तिसरी_घंटा: काल फ्रेंच दिग्दर्शक झाक बेकेरचा १९४७ चा ‘आंत्वान ए आंत्वानेत’ पाहिला. पॅरिसमधलं कामगार जोडपं, ८ लाख फ्रँकांची लॉटरी लागते, पाकीट हरवतं. बास! आणि याला कान चित्रपट महोत्सवात बक्षीस? लॉटरी लागेपर्यंत आमचे हे घोरायला लागले होते. कुणाला आवडलाय का? नेमकं काय आवडलं?

जुना_कंपोझिटर: मला आवडतो, आणि तोही लॉटरीच्या आधीचाच. बावीस वर्षं छापखान्यात काढली, त्यामुळे आंत्वान छापखान्यात कामाला आहे म्हटल्यावर खुर्ची पुढेच ओढली. आंत्वानेत शाँझेलिझे या रस्त्यावरच्या दुकानात फोटोच्या काउंटरवर. त्याला साइडकारवाली मोटारसायकल हवी आहे; हे वेड दोन-चार वाक्यांतच कळतं.

खरी गंमत त्या वाण्यात आहे, रोलांमध्ये. युद्ध संपून दोन वर्षं झाली तरी फ्रान्समध्ये पाव रेशनवरच होता. १९४७ च्या सप्टेंबरात तर माणशी दिवसाला २०० ग्रॅम. अशा दिवसांत ज्याच्या फळीवर माल, तो गल्लीचा राजा. रोलां आंत्वानेतला खाण्याचं काहीबाही देऊन लाडीगोडी लावतो. आता सांगा, दुसऱ्याच्या मेहेरबानीचं ते खाणं ताटात आलं तर नवऱ्याने जेवायचं की रुसायचं? लॉटरी नसती तरी मी एवढ्यावर सिनेमा पाहिला असता. नोएल रोकवेरने हा वाणी असा केलाय की त्याच्याकडून मीठसुद्धा घेऊ नये.

आणि घर केवढंसं! शेजारी सारखे डोकावतात. शेवटी हाणामारी होते तेव्हा कुणाला बोलवावं लागत नाही, प्रेक्षक दारातच उभे.

बाल्कनी_डावीकडे: बक्षिसाचं म्हणाल तर त्या वर्षी कानला बक्षिसं प्रकारवार वाटली होती. याला मिळालं ते ‘मानसशास्त्रीय आणि प्रेमपट’ या खात्यातलं. कार्टूनचं ‘डंबो’ला गेलं. बाकी छोट्या भूमिकेत लुई द फ्युनेस, पुढे गाजलेला विनोदी नट, ओळखलात का? तेव्हा त्याला कुणी विचारत नव्हतं.

तिसरी_घंटा: फ्युनेस? सपशेल चुकला! रेशनचंही डोक्यात आलं नव्हतं, मी त्या वाण्याला नुसता चावट म्हातारा समजून सोडून दिलं. रविवारी परत लावते. ह्यांना दुपारीच झोपवून घेईन.