बायॉसमध्येच डिस्क दिसत नसेल तर

आपल्या २००४ च्या संगणकाला १ टेराबाइटची नवी साटा (संगणकाला डिस्क जोडण्याची एक पद्धत) डिस्क जोडल्यावर ती फिरल्याचा आवाज येतो, परंतु बायॉसच्या (संगणक सुरू होताच सर्वात आधी चालणारी, मदरबोर्डवरील मूळ प्रणाली) यादीत तिचे नाव येत नाही, असे आपण लिहिले आहे. आपल्याला काहींनी सुचवलेले फॉरमॅटिंग येथे गैरलागू आहे, कारण डिस्क कोरी असली तरी तिचे नाव बायॉसने दाखवायलाच हवे. जुन्या संगणकांना मोठ्या डिस्कांबाबत जाणवणाऱ्या २ टेराबाइटच्या मर्यादेचाही प्रश्न नाही, कारण आपली डिस्क त्याहून लहान आहे.

आपण दिलेल्या तपशिलात मदरबोर्डवर व्हाया कंपनीची व्हीटी८२३७ ही साटा डिस्क हाताळणारी चिप आहे आणि माझ्या मते दुखणे तिथेच आहे. ही चिप सेकंदाला १.५ गिगाबिट वेगाची असून, तिला अधिक वेगवान डिस्क जोडल्यास दोघींचा वेग जुळवण्याची प्रक्रियाच पुष्कळदा फसते आणि बायॉसच्या लेखी डिस्क अस्तित्वातच नसते. साटा केबल बदलून पाहावी, पण त्यावर फार भिस्त ठेवू नये. डिस्कच्या जोडणीशेजारी बारीक पिनांच्या जोड्या असतील, तर संगणक बंद करून, लेबलवरील आकृतीप्रमाणे जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) १.५ गिगाबिटच्या जागी बसवावा. अलीकडच्या बऱ्याच डिस्कांत ही सोय नसते (खर्च वाचवण्याची हौस, दुसरे काय!), तशा वेळी वेगळ्या चिपचे, मदरबोर्डवरील पीसीआय खाचेत (जादा कार्डे बसवण्याची जागा) बसणारे साटा कार्ड घ्यावे. पीसीआयची कमाल क्षमता सेकंदाला १३३ मेगाबाइट असली तरी या संगणकाला ती पुरेशी आहे. मात्र विंडोज त्याच डिस्कवरून सुरू करायचे असल्यास कार्डावर स्वतःचा बायॉस आहे ना, याची खरेदीपूर्वी खात्री करून घ्यावी.