मदत हवी आहे: परसातल्या कोंबड्या – पिल्लं जगत नाहीत, अंडी घरात राहत नाहीत

भातखाचर

जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर बचत गटाच्या २५ घरांसाठी परसातल्या कोंबड्यांचं काम पुन्हा उभं करायचं आहे. मागच्या खेपेची माहिती अशी:

– जुलैत वनराजाची (परसात पाळायची सुधारित जात) एक दिवसाची पिल्लं, प्रत्येक घरी १०. नर-मादी वेगळे केलेले नव्हते.
– ऊब द्यायला प्रत्येक घरी टोपली, वर गोणपाट आणि एक एलईडी बल्ब.
– तीन आठवड्यांत २५० पैकी १९० मेली. उरलेल्यांपैकी बरीच मार्चमध्ये दोन-तीन दिवसांत गेली. हिरवट हगवण, मान वाकडी.
– जी वाचली त्यांची अंडी थेट दुकानात. अंगणवाडीत कमी वजनाच्या यादीत असलेल्या पोरांच्या ताटात काही पडलं नाही.

या वेळी गटाच्या हाताशी १० बाय २० फुटांची रिकामी शेड आहे. वीज दिवसातून दोन-तीनदा जाते. पिल्लं जगवायची कशी, लसीचं वेळापत्रक काय आणि उत्पन्न व आहार दोन्ही साधेल असा हिशेब कसा बसवायचा?

तलंग

तुमची पहिली खेप एलईडीने आणि जुलैने मारली. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. जुना तारेचा बल्ब किंवा २५० वॅटचा इन्फ्रारेड दिवा लागतो. पिल्लाला पहिल्या आठवड्यात अंगाच्या उंचीवर ३५ अंश तापमान हवं, मग दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी उतरवायचं. ढोबळ हिशेब पिल्लामागे २ वॅट.

एक दिवसाचं पिल्लू घरोघर देऊच नका. शेडमध्ये सहा आठवडे एकत्र वाढवा आणि मग वाटा. २५ घरांना १० प्रमाणे २५० हवीत, म्हणजे ३०० आणा. आठ-दहा टक्के मर धरूनच चालायचं.

शेडची तयारी पिल्लं यायच्या आधी आठवडाभर: धुणे, चुना मारणे, वाळवणे. खाली भाताचं तूस दोन इंच, त्यावर पहिले दोन-तीन दिवस कागद, नाहीतर पिल्लं तूसच टिपत बसतात. दीड फूट उंच पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे गोल कडे करा. प्रत्येक कड्यात १५० पिल्लं, व्यास सहा फूट, वर १०० वॅटचे तीन बल्ब. चौकोनी कुंपण नको. कोपऱ्यात पिल्लं एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. दर तीन-चार दिवसांनी कडे थोडं मोठं करत जा, आठ-दहा दिवसांनी काढून टाका.

थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. बल्बखाली गोळा होऊन चिवचिवत असतील तर गारठलीत. कड्याला चिकटून चोच उघडी टाकून बसली तर उकडतंय. सगळीकडे पसरून खात असतील तर काही बदलू नका.

वीज गेली की शेगडी लागणारच. कोळसे बाहेर पूर्ण फुलवून, धूर गेल्यावरच आत आणा आणि वरच्या अंगाला हवा खेळती ठेवा. चारी बाजूंनी गोणपाट घट्ट लावून आत शेगडी ठेवली तर सकाळी कोळशाच्या वायूने सगळी मेलेली सापडतात, आणि दोष थंडीला दिला जातो.

आल्याबरोबर आधी पाणी, मग खाद्य. पहिले काही तास लिटरला ८० ग्रॅम गूळ, नंतर साधं पाणी. गूळपाणी दिवसभर ठेवलं तर आंबतं. सहा आठवड्यांत एका पिल्लाला सव्वा ते दीड किलो खाद्य लागतं. ३०० पिल्लांना दीड किलोने ४५० किलो, म्हणजे ५० किलोच्या नऊ गोण्या. ही रक्कम पिल्लं बुक करण्याआधी हातात हवी. चौथ्या आठवड्यात पैसे संपले म्हणून नुसत्या कणीवर आलेली पिल्लं खुरटतात ती कायमची.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात रक्ताळ हगवण दिसली तर कॉक्सिडिओसिस, म्हणजे आतड्यातल्या परजीवींचा रोग. कारण जवळजवळ नेहमी पाण्याच्या भांड्याखालचं ओलं तूस. ओलं काढा, कोरडं टाका, पशुवैद्यकांना विचारून ॲम्प्रोलियम पाण्यातून द्या.

खळं

मार्चमधली मर लक्षणांवरून मानमोडीच (राणीखेत) वाटते. तिच्यावर औषध नाही, लसच. वेळापत्रक:

पहिला दिवस: मॅरेक्स रोगाची लस, हॅचरीतच (पिल्लं उबवून विकणाऱ्या केंद्रात). दिली का ते विचारून घ्या.
५ ते ७ वा दिवस: लासोटा (मानमोडीची लस), डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब.
१४ वा दिवस: गंबोरो रोगाची लस.
२८ वा दिवस: लासोटा पुन्हा.
७ वा आठवडा: देवी, पंखाच्या पातळ कातडीत.
९ वा-१० वा आठवडा: आर-टू-बी (मानमोडीचीच दुसरी लस), कातडीखाली अर्धा मिली. पुढे दर सहा महिन्यांनी.

आर-टू-बी सहा आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला देऊ नका, ती जोरकस लस आहे. शेवटच्या दोन लसी पाड्यावर वाटप झाल्यावर येतात आणि तिथेच काम ढिलं पडतं. कुपी १०० किंवा जास्त मात्रांची असते, एका घरासाठी कोणी फोडत नाही. म्हणून सगळ्या पाड्याचा एकच दिवस धरा. पहाटे, कोंबड्या खुराड्यात असतानाच. लस २ ते ८ अंशांत, बर्फाच्या डब्यातून आणायची, सोबतच्या द्रावणातच मिसळायची आणि दोन तासांत संपवायची. उन्हात दुचाकीच्या डिकीतून आलेली लस टोचली काय, न टोचली काय.

गटाबाहेरच्या घरांच्या गावरान कोंबड्यांनाही त्याच दिवशी लस द्या. रोग तुमची यादी बघून येत नाही. आठवडे बाजारातून आणलेला पक्षी १४ दिवस वेगळा. मेलेली कोंबडी ओढ्यात नाही, चुना टाकून खोल पुरायची.

मोहाची_सावली

उत्पन्नाचा हिशेब मांडायचा तर आधी एका घराचा मांडा. १० पिल्लांत अंदाजे निम्मे नर. मुंगूस, घार, रानमांजर यांचा वाटा गेला की ४ माद्या, ४ नर उरतात. परसात वनराजाची मादी वर्षाला १०० च्या आसपास अंडी देते. ४०० अंडी, म्हणजे आठवड्याला आठसुद्धा नाहीत. घरात दोन लहान मुलं असतील आणि प्रत्येकाला आठवड्याला चार द्यायची तर विकायला काही उरतच नाही!

त्यामुळे 'अंडी विकून उत्पन्न' हे वाक्य प्रस्तावातूनच काढा. अंडी घरात, कोंबडे बाजारात. एक नर ठेवून तीन विकायचे, पाच महिन्यांत दीड-दोन किलोचे होतात. पिल्लं ऑक्टोबरच्या सुरुवातीला आणली तर नोव्हेंबरच्या मध्याला वाटप होतं. तेव्हा झोडणी होऊन खळ्यावर दाणे असतात, खाचरात किडे असतात, फुकटचं खाद्य मिळतं. आणि कोंबडे मार्चमध्ये, होळीच्या तोंडावर तयार होतात. नंतरचा चांगला भाव गटारीला. श्रावणात विकायला काढू नका. लटकता वजनकाटा गटाने घ्यावा, कारण व्यापारी 'अंदाजाने' घेतो तेव्हा अंदाज नेहमी त्याच्याच बाजूने असतो.

अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत अंडी किंवा केळी मिळतात, ती धरून घरचं अंडं कमी करू नका. सहा महिन्यांपुढच्या मुलाला पूर्ण उकडून, कुस्करून. गरोदर बाईला अंडं 'उष्ण पडतं' हे सासूच्या तोंडून येतं, म्हणून बैठकीला सासवांनाही बोलवा. आणि खुराडं चुलीपासून व रांगत्या पोरापासून लांब. पोराच्या तोंडात विष्ठा गेली की हगवणीत अंड्याचा फायदा वाहून जातो.

भातखाचर

आभार! दोन शंका. दर वर्षी पिल्लं विकत घ्यायची का? आणि बायका म्हणतात की वनराजा खुडूक बसतच नाही.

तलंग

बरोबर म्हणतात. वनराजाची बसायची सवय गेलेली असते. म्हणून प्रत्येक घरी एक-दोन गावरान कोंबड्या ठेवाच, त्या तुमचं उबवणी यंत्र. खुडूक कोंबडीखाली १० ते १२ अंडी, सात दिवसांच्या आतली, तडा नसलेली. सातव्या दिवशी रात्री टॉर्चवर धरून बघा, आत लाल शिरांचं जाळं दिसलं नाही तर ते अंडं काढा. एकविसाव्या दिवशी पिल्लं. माद्यांना नर कमी पडला तर अंडी रिकामी निघतात, ८-१० माद्यांमागे एक धडधाकट नर पुरतो. वनराजा संकर आहे, तिच्या पुढच्या पिढीत वाढ आणि अंडी उतरतात. घरची पिल्लं खायला-विकायला ठीक, पण दोन वर्षांनी नवी खेप आणावी लागेल. विकलेल्या तीन नरांतल्या एकाचे पैसे गटाच्या पेटीत गेले तरच ती येईल.

खळं

खुराड्याचं राहिलं. पक्ष्यामागे एक ते दीड चौरस फूट, जमिनीपासून दोन फूट वर, बांबूच्या पट्ट्यांमध्ये बोटभर फट. मुंगसाचं डोकं आत गेलं की सगळं मुंगूस आत जातं.