'मॅनर हाउस'ला वाडा म्हणावं की गढी?

प्रश्न

इंग्लंडमधल्या डर्बीशर परगण्यातल्या हॅडन हॉलवरचा एक लेख दिवाळी अंकासाठी मराठीत करते आहे. 'मॅनर हाउस'ला काय म्हणावं? गढी छान वाटतं, पण मन घेत नाही. 'जमीनदाराचा वाडा' दर वाक्यात आला की लेख जड होतो. 'ग्रेट हॉल'ला दिवाणखाना चालेल ना? आणि 'बटरी' नावाची एक खोली आहे, तिथे सध्या 'लोणीघर' लिहून ठेवलंय.

प्रतिसाद १

ताई, सगळ्यात आधी ते लोणीघर खोडा. बटरीचा लोण्याशी काही संबंध नाही. 'बट' म्हणजे दारूचं मोठं पिंप. ही पिंपं जिथे ठेवायची ती बटरी. तिच्या जोडीची पँट्री ही पावाची खोली, तो शब्द पावाच्या फ्रेंच नावावरून आला. हॅडनला हॉलच्या एका टोकाला कोरीव लाकडी पडदी आहे. तिच्यामागे एक बोळ आहे आणि त्या बोळात बटरीचं, पँट्रीचं आणि स्वयंपाकघराकडे जाणारं अशी दारं आहेत. त्याच पडदीवर एक लोखंडी कडी आहे. जो पाहुणा आपल्या वाटणीची दारू प्यायचा नाही, त्याचा हात त्या कडीत अडकवून दारू त्याच्या बाहीत ओतायचे, असं तिथे सांगतात. आता एवढं सगळं ज्या दाराशी चाललंय, तिथे लोणीघर म्हटलं तर वाचकाचं चित्रच बदलेल.

'दारूखाना'ही नको. आपल्या बखरींत दारूखाना म्हणजे तोफांच्या दारूचं कोठार, मुंबईतल्या दारूखान्याचं नावही त्यातलंच. मला 'आबदारखाना' जवळचा वाटतो. तो मुळात पाण्याचा, पण 'पिण्याचं ठेवायची जागा' हा भाव त्यात आहे. स्वयंपाकघराला मुदपाकखाना म्हटलंत तर दोन्ही शब्द एका घरातले वाटतील.

दिवाणखान्याला मात्र माझा ठाम विरोध आहे. दिवाणखाना ही निवडक लोकांना बसवण्याची, सजवलेली जागा. मध्ययुगीन हॉल तसा नव्हता. एका टोकाच्या चौथऱ्यावर, म्हणजे 'डायस'वर, मालक आणि त्याचं कुटुंब जेवायला बसे. खाली बाकांवर चाकरमाणसं जेवत, रात्री त्यातली कित्येक तिथेच आडवी होत. जुन्या काळी अशा हॉलच्या मधोमध चूल धगधगत असे आणि धूर छपरातल्या धुरांड्यावाटे जाई. मॅनरचं न्यायालयही बहुधा हॉलातच भरे, म्हणून त्या कामापुरता आपला 'सदर' शब्द बसतो. पण आपल्या सदरेवर पंगत बसत नाही आणि कोणी झोपतही नाही.

माझं मत विचाराल तर 'हॉल' हॉलच राहू द्या. इंग्रज माणूस आज घराचा हॉल म्हणतो तेव्हा त्याला दारातून आत शिरल्यावरची बोळवजा जागा अभिप्रेत असते. आपल्या वन बीएचकेतला हॉल मात्र बसायचा, जेवायचा, पाहुणा आला की गाद्या घालायचा. म्हणजे हॅडनच्या हॉलचा मूळ अर्थ डोंबिवलीच्या वाचकाला लंडनच्या वाचकापेक्षा लवकर कळेल. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. फक्त 'हॅडन हॉल' हे अख्ख्या घराचं नाव आहे, हे एकदा सांगा. मुख्य खोलीचं नाव घराला पडलं आणि टिकलं.

आता मॅनर. त्याचं मूळ लॅटिन 'मनेरे', म्हणजे राहणे, मुक्काम करणे. मॅन्शन त्याचंच भावंड. पण इंग्लंडच्या कायद्यात मॅनर म्हणजे घर नव्हे. मॅनर म्हणजे जमीन, तिच्यावर राबणारी कुळं आणि मालकाचे हक्क, सगळं मिळून. १०८६च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडमधल्या जमिनींच्या जुन्या सरकारी नोंदवहीत, हा शब्द पानोपानी येतो तो याच अर्थाने. म्हणून 'मॅनर' तसाच ठेवून घराला 'मॅनरचा वाडा' म्हणा. षष्ठी लावली की जमीन वेगळी आणि घर वेगळं, हे आपोआप कळतं.

गढीबद्दल तुमचं मन घेत नाही ते बरोबर आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस हॅडनच्या व्हर्नन घराण्याला भिंत बांधायची परवानगी मिळाली, ती १२ फुटांपर्यंत आणि वर चऱ्या, म्हणजे तटावरचे दाते, न काढण्याच्या अटीवर. आज दिसतात त्या चऱ्या नंतरच्या. ज्या घराला लढाऊ तट बांधायची मुभाच नव्हती, त्याला गढी कसं म्हणायचं? 'वाडा' हा शब्द संस्कृत 'वाट'वरून आला, कुंपण घातलेली जागा. धनगराचा मेंढरांचा वाडा तोच. हॅडनच्या त्या बिनचऱ्यांच्या भिंतीला तो चपखल बसतो.

प्रतिसाद २

वरच्या मताला दुजोरा. मी कोकणातला, त्यामुळे मॅनर म्हटलं की मला खोती आठवते. दोन्ही एक नव्हेत, खोत मुळात सरकारसाठी सारा गोळा करणारा. पण एक गंमत बघा. मॅनरच्या कुळाचं नाव मॅनरच्या न्यायालयाच्या दप्तरात चढे आणि त्या नोंदीची नक्कल त्याच्या हातात दिली जाई. तीच नक्कल त्याचा पुरावा, म्हणून जमीन धारण करण्याच्या त्या पद्धतीचं नाव 'कॉपीहोल्ड'. १९२६ साली ती पद्धत संपली. 'कॉपी'ला इथे आपला 'उतारा' हा शब्द अगदी फिट्ट बसतो. सातबाऱ्याचा उतारा काढायला तलाठ्याकडे गेलेल्या माणसाला वेगळं समजवावं लागणार नाही.

प्रश्नकर्ती

दोघांचे मनापासून आभार. लोणीघर खोडलं. अजून एक विचारते. लेखात चेशरच्या लिटल मॉर्टन हॉलचा उल्लेख आहे, लाकडी सांगाड्याचं काळंपांढरं घर. त्याच्या भिंती 'वॅटल अँड डॉब'च्या. मी 'काड्या व मातीचे मिश्रण' लिहिलंय.

प्रतिसाद २

अहो ताई, कूड! कुडाची भिंत! उभ्या आडव्या काड्या विणायच्या आणि दोन्ही अंगांनी माती लिंपायची. तिकडे बहुधा हेझलच्या फोकाट्या, आमच्याकडे कारवी. मातीत शेण तिकडेही कालवत. आजीच्या घरी पडवीची भिंत कुडाची होती. पावसाळा संपला की लिंपण जिथे गळून पडलेलं असे तिथून कारवीच्या काड्या दिसायच्या, आणि दिवाळीआधी आजी हाताने ते सारवून घ्यायची. तिच्या बोटांचे वळसे भिंतीवर वाळायचे. 'मिश्रण' काढून टाका, 'कुडाच्या भिंती' एवढंच लिहा.