उत्तर: टू-स्ट्रोक जेट बोटीचे दोन्ही कार्ब्युरेटर जुळवताना
तुम्ही म्हणताय आयडलला (थ्रॉटल न देता) इंजिन नीट चालतं पण थ्रॉटल दिला की अडखळतं, म्हणून हाय स्पीडचा स्क्रू अजून आत घेणार आहात. प्लीज तसं करू नका! डायफ्रामवाल्या (आत लवचिक पडदा असलेल्या) कार्बमधे, म्हणजे कार्ब्युरेटरमधे, हे स्क्रू पेट्रोल कमीजास्त करतात, आत फिरवला की मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि तुम्ही ऑइल पेट्रोलमधेच मिसळून वापरत असाल तर लीन झालं की ऑइलपण कमी, वर उष्णता जास्त, मग पिस्टन जॅम व्हायला वेळ लागत नाही.

आधी दोन्ही बटरफ्लाय (कार्बमधली हवेची झडप) एकदमच उघडतात का ते बघा, एक जरी मागे राहिला तरी स्क्रूशी कितीही खेळलात तरी काही उपयोग नाही. फिल्टर, कडक झालेले फ्युएल पाइप, डायफ्राम हेही बघून घ्या. मग दोन्ही कार्बचे स्क्रू पूर्ण बंद स्थितीपासून मॅन्युअलमधे दिलेत तितकेच फेरे बाहेर, अंदाजाने नको.

आणि ट्युनिंग पाण्यातच करा, इंजिन गरम झाल्यावर. ट्रेलरवर जेट पंपाला (पाणी मागे फेकून बोट ढकलणारा पंप) लोडच नसतो त्यामुळे तिथलं सेटिंग फसवं निघतं. पाव फेऱ्याहून जास्त एकावेळी फिरवू नका, दोन्हीकडे सारखंच. मोकळ्या पाण्यात थोडा वेळ फुल थ्रॉटल चालवून तसंच एकदम बंद करा आणि स्पार्क प्लग काढून बघा, तपकिरी असेल तर उत्तम, पांढरट दिसला तर लगेच स्क्रू बाहेर घ्या. मी तर कायम थोडं रिचच (पेट्रोल जरा जास्त) ठेवतो, प्लग काळा पडला तर बदलता येतो.