गाडीच्या नाकाचं जजमेंट तुम्हाला कसं आलं?

गेल्या दिवाळीत आमच्या घरी उंच बॉनेटची गाडी आली. त्याआधी मी १४ वर्षं मारुती ८०० चालवली आणि पार्किंगचा कधी विचारही केला नाही. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या घराचं गेट आणि समोरची भिंत यांत १५ फूट जागा आहे, गाडी १३ फूट. रोज संध्याकाळी आत घेताना वाटतं, आता लागली! ब्रेक दाबते, उतरून बघते तर पुढे तीन फूट मोकळे आणि मागचा बंपर गेटच्या बाहेर. गेट लागत नाही. पुन्हा बसायचं, पुन्हा इंचाइंचानं घ्यायची, तोवर गल्लीत मागे हॉर्न सुरू.

ओळखीच्या बायकांना विचारलं तर निम्म्याजणींचं हेच, फक्त कुणी बोलत नाही. क्लासमध्ये आठ काढायला शिकवतात, गाडीचं नाक कुठं संपतं ते मला तरी कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून हा धागा काढला. कुठली गाडी, कुठली जागा, अंदाज कशानं आला, हे सविस्तर लिहा. चुकलेलंही लिहा.

शिवाजी पेठेतून

ताई, मी साखर कारखान्यात ३५ वर्षं ड्रायव्हर हुतो. अ‍ॅम्बेसेडर, जीप, ट्रक, समदं चालवलं. अ‍ॅम्बेसेडरचं बॉनेट सीटवर बसलं की नजरंत भरायचं. जीपचे दोन्ही मडगार्ड दिसायचे, चाक कुठं हाय ते बघूनच कळायचं. ट्रकच्या बंपरला दोन टोकांना उभ्या काड्या असायच्या; काडी दिसली की तिथं बंपर संपला. आताच्या गाडीचं बॉनेट पुढं उतरत जातं. वारं कापायला ते बरं, माणूस आदळला तर मार कमी बसावा म्हणूनबी तसं करत्यात. पण आत बसणाऱ्याला टोक दिसत न्हाई. तवा डोळ्यानं टोक शोधत बसू नका. महाद्वार रोडला, लक्ष्मीपुरीत समोर दुकानाची काच असती, तिच्यात आपलाच बंपर बघा. रात्री भिंतीकडं जाताना दिवे बघा. लांबनं उजेड पसरट असतो. जवळ गेलं की दोन गोल बारीक आन् घट्ट हुत्यात. नवीन पोरांना मी ह्याच्यावरच शिकवलंय.

साने गुरुजी वसाहतीतून

मी पॉलिटेक्निकला शिकवते. मागच्या मे महिन्यात मुलाला हाताशी घेऊन अंगणात मोजमाप केलं, तेच इथे देते. माझी हॅचबॅक, माझी उंची ५ फूट ५ इंच. मुलगा गाडीसमोर फरशीवर खडूनं आडव्या रेघा मारत जवळ येत गेला. बंपरपासून १३ फुटांच्या आतली एकही रेघ मला दिसली नाही. बादली ८ फुटांवर दिसेनाशी झाली, प्लास्टिकचं स्टूल ६ फुटांवर. कमरेएवढा कठडा मात्र बंपर टेकेपर्यंत दिसत राहिला.

कारण सोपं आहे. बसल्यावर डोळा जमिनीपासून साधारण ४ फुटांवर असतो. तिथून नजर बॉनेटच्या कडेला घासून पुढे जाते आणि हळूहळू उतरत पार लांब जमिनीला टेकते. त्या तिरक्या रेषेच्या खाली जे आहे ते सगळं झाकलेलं. त्यामुळे भिंतीचा पाया बॉनेटखाली गेला की आपल्याला वाटतं पोचलो, पण तेव्हा अख्खी गाडी मावेल एवढी जागा पुढे शिल्लक असते. ताईंचं नेमकं हेच होतंय.

उपाय असा: कुणालातरी बाहेर उभं करा, बंपर भिंतीपासून बरोबर एक फुटावर आणा. आता सीटवरून बॉनेटची कड भिंतीला जिथे कापते तिथे चिकटपट्टी लावा. माझ्या गाडीत ती अडीच फूट उंचीवर आली. तुमची गाडी उंच आहे, तुमची खूण वर येईल. सीट मागेपुढे केली, वरखाली केली, की खूण बदलते, तेव्हा नेहमीच्या बसण्यावरच मोजा.

नागाळा पार्कातून

माझी उंची ४ फूट ११ इंच. बॉनेट दिसावं म्हणून मी सीट पुढे ओढून स्टेअरिंगला चिकटून बसायचे. ते धोक्याचं आहे. एअरबॅग उघडायला छाती आणि स्टेअरिंग यांत किमान १० इंच अंतर हवं. सीट वर करायचा लिव्हर आहे हे वर्षभर माहीतच नव्हतं. आता सीट वर, थोडी मागे, पाठ टेकलेली.

शाहूपुरीतून

मी जजमेंट शिकलो ते ऑगस्ट २०१९ च्या महापुरात. पंचगंगेचं पाणी चढायला लागलं तशा आमच्या गल्लीतल्या गाड्या आम्ही वरच्या भागात नेल्या. एका रस्त्यावर सगळ्यांच्याच गाड्या, म्हणून नाकाला शेपूट लावून उभ्या करायच्या. धो धो पाऊस, काचा धुरकट, खाणाखुणा करायला माणूस नाही. तेव्हा एका शेजाऱ्यांनी सांगितलं: पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतायत तोवर भरपूर जागा आहे. चाकं झाकली, नंबरप्लेट दिसतेय, तर अजून घे. नंबरप्लेटही झाकली की थांब. त्या रात्री सात गाड्या मी लावल्या. २०२१ च्या जुलैत पुन्हा तीच वेळ आली, तेव्हा हात थरथरला नाही.

मार्केट यार्डातून

सेन्सरवाल्यांसाठी. १ जुलै २०१९ पासून नवीन गाड्यांना मागचे सेन्सर सक्तीचे झाले, पुढचे नाहीत. मी पुढचे बाहेरून बसवून घेतले आणि त्यांच्या भरवशावर गुळाच्या सौद्याजवळ गाडी घातली. समोर हातगाडी, तिचा दांडा बंपरच्या वर, बॉनेटच्या उंचीला. सेन्सर बंपरमध्ये असतात. आवाज आला तो दांडा पत्र्यात घुसल्याचाच. बारीक खांब, दोरी, पुढे आलेली सळई यांनाही ते फसतात. सेन्सर ठेवा, पण आधी काचेतून नीट बघा.

कळंब्याहून

पन्हाळ्याला पार्किंगमध्ये पुढे बुटका कट्टा होता. चाक कट्ट्याला टेकेपर्यंत घ्यायची, असा माझा हिशोब. पण बंपर चाकाच्या पुढे जवळजवळ हातभर असतो. तो कट्ट्यावर चढला, आणि परत निघताना रिव्हर्स घेतल्यावर खालून अडकून क्लिपांसकट बाहेर आला. तेव्हापासून बुटका कट्टा दिसला की मी गाडी उलटी लावतो.

मंगळवार पेठेतून

हे लिहायला मला जड जातंय. दोन वर्षांपूर्वी सकाळी दारातून गाडी काढत होतो. सीटवरून समोर मोकळी गल्ली. पहिला गिअर टाकला आणि पलीकडच्या आजी ओट्यावरून किंचाळल्या. क्लच दाबलेलाच होता. उतरून पाहिलं तर शेजारचं दीड वर्षाचं बाळ बंपरसमोर बसून खडे वेचत होतं. वर ताईंनी बादलीचं अंतर दिलंय. बसलेलं मूल बादलीहून फार मोठं नसतं. आता मी गाडीला पुढून फेरी मारल्याशिवाय दार उघडत नाही. पेठांतल्या गल्ल्यांत घरं रस्त्यालाच लागून आहेत, पोरं तिथंच खेळणार. सगळ्यांनी हे करा, हात जोडून सांगतो.

धागा काढणारी, पुन्हा

शेवटचा अनुभव वाचून मी उठून गाडीपाशी जाऊन आले.

रविवारी आम्ही चिकटपट्टी लावली. माझी खूण तीन फुटांच्या जरा वर आली. गेले चार दिवस गाडी एका दमात आत जातेय आणि गेट लागतंय. मंगळवार पेठेतल्या दादांचं वाचल्यापासून सकाळी पुढून फेरी मारते, आमच्या दारात मांजरीची पिल्लं असतात.

डावा कोपरा मात्र अजून कळत नाही. रस्त्याची डावी कड बॉनेटच्या मध्यावर दिसली की डावी चाकं कडेजवळ असतात, हे दिराने सांगितलं आणि सरळ रस्त्यावर ते जमतं. पण गेटमधून वळताना डाव्या खांबापाशी माझा अंदाज दर वेळी वेगळा येतो. अरुंद गेटमधून डावीकडे वळून गाडी आत घेणारं कुणी असेल तर कुठं बघता ते लिहा.