मदत हवी आहे : लाल मातीच्या कोर्टवर पाय ठरत नाहीत

दुसरी_सर्व्हिस :
पुण्यात बारा वर्षे सिमेंटच्या कोर्टवर टेनिस खेळल्यानंतर फेब्रुवारीत नोकरीनिमित्त जर्मनीत, श्टुटगार्टला आलो आणि येथील एका क्लबचा सभासद झालो. एप्रिलअखेरीस बाहेरची कोर्ट खुली झाली, तेव्हा ती सगळीच लाल मातीची असल्याचे कळले. तेव्हापासून माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या असलेल्या एका गृहस्थांकडून मी दोनदा हरलो आहे. ज्या सपाट फोरहँडवर मला पुण्यात निम्मे गुण मिळत, तो त्यांच्यापर्यंत पोहोचेतो त्यात जीवच उरत नाही. शिवाय धावत जाऊन थांबायला गेलो की पाय पुढे घसरतो, आणि मी वळेपर्यंत चेंडू दुसऱ्या कोपऱ्यात गेलेला असतो. येत्या शनिवारी क्लबच्या संघातून पहिला सामना आहे. तोवर रॅकेट बदलावी की गटिंगचा (रॅकेटच्या तारांचा) ताण, एवढेच सांगावे. तंत्राचे धडे कृपया नकोत, तेवढा वेळ नाही.

नेटपटू :
रॅकेट मुळीच बदलू नका. ताण एखाद्या किलोने उतरवा, म्हणजे जड उसळीचा चेंडूही खोलवर जाईल. मात्र सध्या ताण किती आहे आणि गट कोणते आहे, हे आपण लिहिलेलेच नाही. पॉलिस्टर असेल तर विटांच्या चुऱ्याने (ही लाल माती म्हणजे तोच) ते घासले जाऊन लवकर तुटते, तेव्हा एक रॅकेट जास्तीची तयार ठेवावी.

मुरूमकर :
वय किती, बूट कोणते आणि खेळण्यापूर्वी कोर्टवर पाणी मारता का, ही तीन उत्तरे मिळाल्याशिवाय कोणताही सल्ला म्हणजे अंधारात मारलेला फटका ठरेल.

दुसरी_सर्व्हिस :
वय ४१, पॉलिस्टर, २५ किलो. बूट नेहमीचेच आहेत. पाण्याचा येथे काय संबंध, ते कळले नाही.

तिरकस_स्लाइस :
आपला फोरहँड बिघडलेला नाही. मातीवर टप्पा पडताना घर्षणामुळे चेंडूचा पुढे जाण्याचा वेग बराच खर्च होतो आणि तो वर उठतो, म्हणून सपाट फटक्याला प्रतिस्पर्धी सहज पोहोचतो. पीट सॅम्प्रससारख्या १४ ग्रँड स्लॅम विजेत्यालाही पॅरिसमध्ये, मातीवरच्या फ्रेंच ओपनमध्ये, एकदाही अंतिम फेरी गाठता आली नाही, यावरून काय ते समजावे. बेसलाइनच्या (कोर्टच्या मागच्या रेषेच्या) दोन पावले मागे उभे राहा, टॉपस्पिन (चेंडूला पुढे दिलेली फिरकी) वाढवा आणि एका गुणासाठी आठ-दहा फटके खेळण्याची मनाची तयारी ठेवा. घसरण्याचे म्हणाल, तर ते शिकावेच लागेल. फटका मारून झाल्यावर नव्हे, तर मारण्याआधी घसरायला सुरुवात करून चेंडू रॅकेटवर येतो त्या क्षणी थांबायचे असते.

नेटपटू :
एकेचाळीसाव्या वर्षी, चार दिवसांत, घसरायला शिकायचे? मांडीचा स्नायू दुखावला तर शनिवारी टाळ्या वाजवायला बसावे लागेल. लहान लहान पावले टाकून लवकर पोहोचणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

तिरकस_स्लाइस :
न शिकता नकळत घसरणे अधिक धोक्याचे असते. ते आजही घसरतच आहेत, फक्त चुकीच्या वेळी.

रानपाखरू :
श्टुटगार्टचा उल्लेख आला म्हणून सांगते : तेथील पुरुषांची स्पर्धा २०१५पासून मातीऐवजी हिरवळीवर होते, महिलांची मात्र बंदिस्त सभागृहात लाल मातीवरच होते. पुढच्या एप्रिलमध्ये ती जरूर पाहावी. आपल्या महेश भूपतीचे १९९७चे मिश्र दुहेरीचे विजेतेपदही पॅरिसच्या याच मातीवरचे आहे.

मुरूमकर :
ताईंची माहिती उत्तम आहे, पण शनिवारी तिचा उपयोग नाही. पाण्याचा संबंध सांगतो. आमच्या गावच्या जिमखान्यात मुरमाचे कोर्ट होते. सकाळी पाणी मारून रोलर फिरवल्याशिवाय आणि चुन्याच्या रेषा आखल्याशिवाय कोणी रॅकेटला हात लावत नसे. तुमच्या क्लबातला विटांचा चुरा वेगळा असला तरी गुण तोच : ओला असेल तर वरचा थर बसून राहतो, वाळला की त्याची भुकटी होऊन बुटाखाली गोळ्यांसारखी फिरते. आपण किती वाजता खेळता? आणि ‘नेहमीचे’ बूट म्हणजे नेमके कोणते?

दुसरी_सर्व्हिस :
दुपारी जेवणाच्या सुट्टीत खेळतो. कोपऱ्यात नळी गुंडाळलेली असते, ती माळ्याची असेल असे मी समजत होतो. बूट धावण्याचे आहेत. टेनिसचे बूट सामानाच्या पेटीतून अजून यायचे आहेत.

मुरूमकर :
दहा प्रतिसादांनंतर ही माहिती मिळाली! अहो, धावण्याच्या बुटांची टाच उंच आणि मऊ असते, बाजूने आधार नसतो. घोटा मुरगळला नाही हे नशीब समजा. आजच संपूर्ण तळव्यावर नागमोडी खाचा असलेले मातीचे बूट घ्या आणि अधूनमधून रॅकेटची कड तळव्यावर आपटून खाचांतली माती पाडत जा. खेळण्याआधी स्वतः नळी हाती घ्या आणि खेळून झाल्यावर कुंपणापासून आत चकरा घेत माती सारखी करण्याची जाळी ओढा, म्हणजे पुढच्या मंडळींचा रोष ओढवणार नाही.

नेटपटू :
ताण उतरवणे विसरू नये.

दुसरी_सर्व्हिस (शनिवार, रात्री) :
नव्या बुटांनी पाय बऱ्यापैकी ठरले, पाणी प्रतिस्पर्ध्यानेच मारले होते. निर्णायक टायब्रेकमध्ये हरलो. ८-८वर मी वेगवान सपाट सर्व्हिस केली, त्याने ती बाहेर पडल्याचे सांगितले, आणि मी विचारल्यावर रेषेच्या चार बोटे पलीकडची खूण दाखवली. मला चेंडू रेषेवर दिसला होता. मी पलीकडे जाऊन खूण पाहू शकलो असतो का?

तिरकस_स्लाइस :
पंच नसलेल्या सामन्यात जाळी ओलांडून खूण पाहण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, आणि त्याने ती आधीच पुसली असती तर गुण आपलाच ठरला असता. मात्र टायब्रेकपर्यंत कोर्टवर जुन्या खुणाही पुष्कळ साचलेल्या असतात. वेगवान सपाट सर्व्हिसची खूण लांबट उमटते, उंचावरून पडलेल्या चेंडूची गोलसर. त्याने दाखवलेली खूण कशी होती?

दुसरी_सर्व्हिस :
गोल.