आज्याच्या काळी हे होतंच, फक्त नाव वेगळं होतं

तापीकाठ:
काल इथं एकानं लिहिलं, 'भरतीच्या धावण्यात पोरगं कोसळलं की डॉक्टर जनुकांचं, म्हणजे जीन्सचं नाव घेतात. खरं कारण पामतेल आणि जागरण. आपल्या आज्या-पणज्याला कुठं होतं हे?' वाचून रात्रभर डोळा लागला नाही. माझा धाकटा भाऊ २३ वर्षांचा, कळण्याच्या भाकरीवर वाढलेला, सुपारीचंही व्यसन नाही. १६०० मीटरच्या सरावात शेवटच्या फेरीला खाली बसला तो उठलाच नाही. पोस्टमॉर्टेममध्ये रक्तवाहिन्या साफ, हृदयाचा स्नायू मात्र जाड. डॉक्टर म्हणाले, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होणारा, घराण्यात उतरणारा आजार. मग आईचा टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली. हृदयाच्या दोन कप्प्यांमधला पडदा १९ मिलिमीटर जाड! रुग्णाच्या सख्ख्या नात्यात १३ भरला तरी डॉक्टर संशय धरतात. आईला कधी धापसुद्धा लागली नव्हती. तेव्हा तिला आठवलं, मामा एकतिसाव्या वर्षी कपाशीच्या वावरात असाच गेला. गावानं 'बाहेरचं' म्हणून विषय सोडून दिला होता.

केळीबाग:
भाऊ, दुःख समजतं, पण लोकांना घाबरवू नका. हृदयाच्या स्नायूचं प्रथिन बनवणाऱ्या एमवायबीपीसी३ जीनमधली डीएनएची २५ अक्षरं गळालेला बदल आपल्याकडं शंभरात चौघांत असतो, हे २००९ सालीच छापून आलंय. शंभरातले चौघे मैदानावर पडतात का? आणि कित्येक आजारी माणसांत कुठलाच बदल सापडत नाही. मग जीनची महागडी तपासणी कशाला?

तापीकाठ:
चार टक्क्यांचं बरोबर. तो बदल एकटा असला तर बहुतेकांना काही होत नाही, कबूल. पण १९९० मध्ये हृदयस्नायूच्याच एमवायएच७ या दुसऱ्या जीनमध्ये सापडला तसले जोरकस बदल वेगळे. आई-बापापैकी एकाकडून आलेली एक सदोष प्रत पुरते, प्रत्येक लेकराला निम्मी शक्यता. आणि मी आधी इको-ईसीजीच करा म्हणतोय. ते जळगाव-धुळ्याला होतं.

वाघूरची लेक:
तुम्ही अक्षरं मोजत बसा. आमच्या दादाला हा आजार निघाला, त्याच्यातला बदल सापडला, म्हणून माझं रक्त मुंबईला पाठवलं. दोन महिन्यांनी कळलं, माझ्यात तो नाही. तोवर सोयरीक मोडून साखरपुड्याचा शालू परत गेलेला. 'त्यांच्या रक्तातच आहे' असं आमच्याच भाऊबंदानं कळवलं होतं.

केळीबाग:
हेच म्हणतोय मी, ताई! तपासणीच नको म्हणजे बोभाटा नाही. पोरीचं लग्न आधी, रिपोर्ट मग.

वाघूरची लेक:
दादा, माझ्या नावावर तुमचा मुद्दा खपवू नका. सोयरीक कुजबुजीनं मोडली, तपासणीनं तर मी सुटले. माझ्या लेकरांना माझ्याकडून तो बदल जाणार नाही, हे आता कागदावर आहे. तो कागद बघायला कुणी दारात थांबलं नाही, त्याचं काय करू? आणि लपवून लग्न लावलं, पोरगी बाळंतपणात धापा टाकत गेली, तर तुम्ही येणार का खांदा द्यायला?

केळीबाग:
भाषा जपून. मलाही दोन पोरी आहेत, त्यांच्याच काळजीनं बोलतोय.

तापीकाठ:
मग सांगा, घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलंय?

केळीबाग:
काका. छत्तिसाव्या वर्षी, विहिरीवर मोटर चालू करायला गेले ते. शॉक लागला म्हणतात. अंगावर भाजल्याची खूण नव्हती, हे आजी अजून सांगते.
जीनचं मला अजूनही पटलेलं नाही. पण सोमवारी बाबांचा आणि माझा इको करून घेतो. पोरींचं नाव इतक्यात कुणी काढू नका.